कोरियातील पारंपरिक उद्याने

कोरियन द्वीपकल्पातील राजवाडे, विद्वान उमरावांची घरे आणि गावाबाहेरची एकांतस्थाने यांच्या आवारात सुमारे चौदा शतके घडत गेलेली उद्यानपरंपरा. पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि त्याकडे तोंड करून बसायला एक मंडप, एवढ्या भांडवलावर ती उभी आहे. कातरलेली हिरवळ, फुलांचे आखीव ताटवे, कारंजी यांची सवय असलेल्या पाहुण्याला तिथे पहिल्यांदा गेल्यावर ‘यात बाग कुठली?’ असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा ती त्याच्या समोरच्या डोंगरउतारावरच असते.

बागेसाठी आज कोरियन भाषेत रूढ असलेला ‘जॉंगवॉन’ हा शब्द आधुनिक काळात जपानी वापरातून आला. जुना शब्द ‘वॉल्लिम’. त्यात बाग आणि रान ही दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी आहेत आणि वस्तुस्थितीला तोच अधिक धरून आहे. राजवाड्यामागच्या बागेला ‘हुवॉन’ म्हणतात. त्याचे मराठी शब्दशः परसबाग असे होईल. फक्त हा परस काही वेळा डोंगराएवढा असतो.

जागेची निवड : घर किंवा वाडा कुठे बांधायचा हे ‘पुंगसू’ या भूमिशास्त्रावरून ठरे. शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. मागे डोंगर, पुढे वाहते पाणी ही आदर्श जागा; त्यामुळे उत्तरेचा बोचरा वारा अडतो आणि समोर शेतीला पाणी मिळते. जागेत काही उणे असेल तर झाडे लावून ते भरून काढत. हाहे गावासमोर नदीपल्याड उभा कडा आहे. त्याचा उग्रपणा सौम्य व्हावा म्हणून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलीकडच्या वाळूत पाइनचे बन लावले गेले. तेही बागकामच, पण गावाच्या मापाचे.

घर डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर मागची बाजू चढाची होणार हे ओघाने आलेच. तो चढ तासून सपाट करण्याऐवजी घडीव दगडांच्या दोन-चार पायऱ्या बांधून त्यांवर झाडे लावतात. यालाच ‘ह्वागे’, म्हणजे फुलांची पायरी म्हणतात. माती धुपत नाही आणि मागच्या खोलीत बसलेल्याला दारातूनच फुले दिसतात. घरंदाज बायकांना बाहेर पडण्याची मुभा फारशी नसे; त्यांची बाग ती हीच. सोलच्या ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात राणीच्या महालामागे आमिसान नावाचा असा पायऱ्यांचा टेकाडवजा भाग आहे. त्यावर नारिंगी विटांची चार षट्कोनी धुराडी उभी आहेत. कोरियन घरे ‘ओंदोल’ पद्धतीने, म्हणजे जमिनीखालून गरम धूर खेळवून उबवतात. महालाखालचा तो धूर इथवर आणून सोडला आहे. धुराड्यांच्या बाजूंवर पाइन, बांबू, सारस, वटवाघूळ अशी शुभचिन्हे बसवली आहेत. धूर जायची सोय झाडांमध्ये इतकी दिमाखात मांडण्याचे धाडस दुसऱ्या कुठल्या दरबाराने केले असेल, असे वाटत नाही.

अंगण : घरापुढचे अंगण, ‘मादांग’, मात्र मोकळेच ठेवतात. त्यात झाड नाही, गवत नाही. मळणी, लग्न, अंत्यविधी सगळे तिथेच होई, हे एक कारण. दुसरे अक्षरांचे. चिनी लिपीत चौकटीत ‘झाड’ लिहिले की ‘अडचण’ हे अक्षर होते, म्हणून चार भिंतींच्या मधोमध मोठे झाड अशुभ मानत. तिसरे कारण वाऱ्याचे आणि मला सर्वांत पटणारे. अंगणात कुजलेल्या ग्रॅनाइटची फिकट भुरी माती पसरलेली असते. तिच्यावरून उजेड परतून खोल पागोळ्यांखाली घरात शिरतो. उन्हाळ्यात ती तापते, तिथली हवा वर जाते आणि मागच्या झाडीतली गार हवा मधल्या लाकडी ओसरीतून पुढे ओढली जाते. पुढचा उघडा आणि मागचा हिरवा भाग अशा जोडीने काम करतात.

मंडप आणि उसने दृश्य : कोरियन बागेत चालण्यापेक्षा बसण्याला महत्त्व. ‘जॉंग’ म्हणजे छोटा मंडप, ‘नू’ म्हणजे खांबांवर उचललेला मोठा. त्यांच्या दारांची झडप घडी घालून छतालगतच्या आकड्यांना अडकवता येते, मग भिंत उरतच नाही. समोरचा डोंगर, नदी, परक्याचे शेत हे सगळे बागेत जमा होते. या युक्तीला ‘छाग्यॉंग’, उसने घेतलेले दृश्य म्हणतात. म्हणून कोरियन बागेचा नकाशा पाहून फारसे काही कळत नाही. मंडपाच्या जोत्यावर बसून, डोळे जमिनीपासून ज्या उंचीवर येतात तिथून पाहावे लागते. उभ्याने काढलेले फोटो याच कारणाने फसतात.

तळे : जोसॉन राजघराण्याच्या काळातले (१३९२–१९१०) नमुनेदार तळे चौकोनी असते आणि त्याच्या मधोमध गोल बेट. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, ही पूर्व आशियातली जुनी कल्पना त्यामागे आहे. तीन बेटे असली तर ते अमर सिद्धांचे तीन पर्वत. तळ्यात कमळे. अकराव्या शतकातील चिनी तत्त्वज्ञ चोउ तुन्‌-यी याने कमळावरील प्रेमावर छोटासा निबंध लिहिला. चिखलातून येऊनही ते मळत नाही आणि दूर जावे तसा त्याचा गंध निर्मळ होतो, असे त्याचे म्हणणे. ‘पंकज’ हा शब्द जन्मापासून कानावर असलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही, पण कोरियन कन्फ्यूशियन विद्वानांनी तो निबंध अक्षरशः तळ्यात उतरवला. ग्यॉंगबोकगुंगमधल्या ह्यांगवॉनजॉंग मंडपाचे नावच ‘दूरवर जाणारा गंध’ आहे. पाणी पन्हाळीतून पडते, दगडावरून घसरते, साचते. वर मात्र उडत नाही. पाण्याने खालीच जावे, हा त्याचा धर्म समजला जाई, म्हणून कारंज्यांना इथे जागा मिळाली नाही.

आरंभीचा इतिहास : ‘सामगुक सागी’ (११४५) या इतिवृत्तानुसार बेक्जे राज्याच्या मू राजाने ६३४ मध्ये राजवाड्याच्या दक्षिणेस तळे खोदले, लांबून पाणी आणले, काठाने वाळुंज लावले आणि मध्ये सिद्धांच्या पर्वताचे बेट केले. बुयॉ शहरातील गुंगनाम्जी तळे ते हेच मानतात. बेक्जेच्या कारागिरांचा लौकिक त्याआधीच समुद्रापार गेला होता. तिथल्या एकाने ६१२ मध्ये जपानी राजवाड्याच्या अंगणात सुमेरू पर्वत रचून दिल्याची नोंद ‘निहोन शोकी’ या जुन्या जपानी इतिवृत्तात आहे.

शिल्ला राज्याच्या राजधानीत, ग्यॉंगजू येथे, मुन्मू राजाने ६७४ मध्ये तळे खोदून, टेकड्या रचून फुलझाडे लावली आणि दुर्मिळ पशुपक्षी पाळले. पुढे ओसाड पडल्यावर बदके-हंस उतरतात म्हणून लोक त्याला अनाप्जी म्हणू लागले. आता मूळ नाव वॉल्जी, म्हणजे चंद्रतळे, पुन्हा रूढ केले आहे. त्याच्या पश्चिम आणि दक्षिण काठांच्या रेषा सरळ आहेत, तर उत्तर आणि पूर्व काठ इतके वळणावळणाचे की कुठेही उभे राहिले तरी पूर्ण तळे एका नजरेत येत नाही, आणि मग ते समुद्रासारखे वाटते. १९७५–७६ मध्ये उत्खनन झाले तेव्हा गाळातून तीस हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत चौदा बाजूंचा एक लाकडी फासा होता. प्रत्येक बाजूवर मद्यपानाच्या खेळातली एकेक शिक्षा : तीन प्याले एका दमात प्या, गाण्याशिवाय नाचा, सगळ्यांकडून नाकावर टिचक्या खा. जतनासाठी वाळवताना मूळ फासा भट्टीत जळून गेला. आज दिसतो तो त्याच्या बरहुकूम केलेला. ग्यॉंगजूतच पोसॉकजॉंग येथे दगडात कोरलेला नागमोडी पाट आहे. त्यात प्याले सोडायचे आणि प्याला आपल्यापाशी यायच्या आत कविता रचायची, हा चिनी खेळ तिथे खेळत. ९२७ मध्ये ग्यॉंगे राजा तिथेच शत्रूच्या हाती सापडला. तो चैनीत दंग होता, असे इतिवृत्त सांगते. तो तिथे पूजाविधीसाठी गेला होता, असे काही अभ्यासक मानतात.

छांगदॉकगुंगची परसबाग : सोलमधला छांगदॉकगुंग राजवाडा १४०५ मध्ये उभा राहिला, १५९२ च्या जपानी स्वारीत जळला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीस पुन्हा बांधला गेला. १९९७ पासून तो जागतिक वारसा आहे. त्याच्या मागची बाग सुमारे ३२ हेक्टरांची असून बहुतांश भाग नुसते रान आहे. मंडप घळींमध्ये, वळणाआड, एकमेकांना न दिसतील असे बसवले आहेत. ‘बिवॉन’ (गुप्त बाग) हे पर्यटकांच्या तोंडी असलेले नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे.

बुयोंगजी हे तिथले मुख्य तळे चौकोनी, बेट गोल. दक्षिण काठावरच्या बुयोंगजॉंग मंडपाचे दोन खांब पाण्यातच रोवले आहेत. धोतर वर करून पाय बुडवून बसलेल्या माणसासारखा तो दिसतो. समोर उंचावर १७७६ ची दुमजली जुहाम्नू इमारत, जिच्या खालच्या मजल्यावर जॉंगजो राजाचे ग्रंथालय ग्यूजांगाक होते. तिकडे जाणाऱ्या दाराचे नाव ऑसूमुन, ‘मासा आणि पाणी’. राजाचे दार मधोमध उंच, आजूबाजूची अधिकाऱ्यांची इतकी बुटकी की वाकल्याशिवाय जाता येऊ नये. तळ्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर उसळणारा मासा कोरला आहे तो वेगळाच. जॉंगजो इथे काव्याच्या मैफली करी आणि वेळेत कविता न जमलेल्याला होडीतून मधल्या बेटावर ‘हद्दपार’ करी, असे सांगतात. खऱ्या हद्दपारीची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या दरबाऱ्यांना हा विनोद कितपत गोड लागला असेल, कोण जाणे. याच राजाने १७९८ मध्ये जॉनदॉकजॉंग मंडपात एक लाकडी फलक लावला. ओढे दहा हजार, चंद्र एकच, आणि तो चंद्र आपण, असा त्याचा आशय. पाण्यातल्या प्रतिबिंबाचे असे रोखठोक राजकारण दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

सर्वांत आत ओंग्न्यूछॉन, जेड या रत्नदगडाचा ओढा. इंजो राजाने १६३६ मध्ये तिथल्या खडकात वळणदार पाट कोरवून पाणी धारेने खाली पडेल असे केले. वर १६९० ची सुकजोंग राजाची कविता कोरली आहे. तिच्यात तीनशे फुटांवरून कोसळणारा प्रपात आहे. प्रत्यक्षातला धबधबा माणसाच्या उंचीचाही नाही. शेजारी भाताचे एकच छोटे खाचर आणि मध्ये छॉंगुईजॉंग हा गवती छपराचा मंडप. राजाने स्वतः भात लावून कुणब्याचे कष्ट जाणावेत, अशी योजना. त्याच खाचरातल्या पेंढ्याने छप्पर शाकारतात.

सोस्वेवॉन : दरबार सोडून गेलेल्यांच्या बागांना ‘ब्यॉलसॉ’ म्हणतात. त्यांतली सर्वांत नामांकित बाग दक्षिण जॉल्ला प्रांतात दाम्यांग येथे आहे. सुधारणावादी मंत्री जो ग्वांग-जो १५१९ च्या विद्वानांच्या हत्याकांडात संपवला गेला, तेव्हा त्याचा तरुण शिष्य यांग सान-बो (१५०३–५७) गावी परतला आणि पुन्हा नोकरीकडे फिरकला नाही. बांबूच्या बनातून आत शिरले की खडकाळ ओढा, त्याच्या काठाने दोन लहान वास्तू. पाण्याजवळची ग्वांगपुंगाक, वरची जेवॉल्दांग. एक पावसानंतरचा निर्मळ वारा, दुसरी पावसानंतरचे चांदणे. दोन्ही नावे चोउ तुन्‌-यीच्या स्वभावाच्या एका जुन्या वर्णनातून घेतली आहेत.

तिथल्या कुंपणाच्या भिंतीपाशी थांबावे. दगडमातीची, वर कौलांची पाखी असलेली ही भिंत सरळ ओढ्यावर येते. तिथे ती थांबत नाही, ओढ्यालाही अडवत नाही. एकावर एक नुसते रचलेले ओबडधोबड दगड तिला खांद्यावर घेतात आणि खालून पाणी निघून जाते. मोरी म्हणावी तर भोक फार मोठे, पूल म्हणावा तर वरून कोणी जात नाही. मालकीची हद्द दाखवायची, पण पाण्याला ती लागू नाही, हे इथे दगडात सांगितले आहे.

कवी किम इन-हू याने १५४८ मध्ये या बागेवर ४८ कविता केल्या. केळीच्या पानावर पडणारा पाऊस, रुंद खडकावर उताणे पडून पाहिलेला चंद्र असे त्यांचे विषय. १७५५ मध्ये बागेचा नकाशा लाकडी ठशावर कोरला गेला तेव्हा त्या कवितांची शीर्षकेही त्यात घातली. म्हणजे बागेच्या मालमत्तेत त्यांची गणना झाली. जपानी स्वारीत जळलेल्या वास्तू यांग सान-बोच्या नातवाने १६१४ मध्ये पुन्हा उभारल्या.

बोगिल-दो : इंजोने पाट कोरवला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मांचूंनी स्वारी केली आणि १६३७ मध्ये त्याला शरण जावे लागले. ती वार्ता ऐकून कवी युन सॉन-दो (१५८७–१६७१) जेजू बेटाकडे निघाला, पण वाटेत बोगिल-दो बेट आवडले म्हणून तिथेच उतरला. त्याने सेयॉनजॉंग मंडपाजवळ सपाट फरश्यांचा, आतून पोकळ बांध घालून ओढा तुंबवला. कोरड्या दिवसांत तो पूल, पावसात धबधबा. कोळ्याच्या चार ऋतूंवरची ‘ऑबुसासिसा’ ही काव्यमाला त्याने १६५१ मध्ये इथेच रचली.

झाडे : पाइन, बांबू, प्लम, कमळ, गिंको, पिओनी. उन्हाळ्यात सुमारे शंभर दिवस फुलणारे ‘बेरोंग’ दक्षिणेकडच्या बागांत जागोजाग दिसते. महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण याच प्रजातीतले. झाडांना कातरून आकार देण्याची रीत नाही.

मूल्यमापन आणि आधुनिक काळ : ‘निसर्गाला हात न लावणारी बाग’ हे कोरियन बागेचे नेहमीचे वर्णन अर्धेच खरे आहे. चौकोनी तळे, वॉल्जीचा हिशेबी काठ, युनचा पोकळ बांध यांत माणसाचा हात चांगलाच चालला आहे. या वर्णनाचा आग्रह विसाव्या शतकात वाढला आणि जपानी बागेपासूनचे वेगळेपण ठसवण्याची निकड त्यामागे होती. तिला कारणही होते. छांगदॉकगुंगच्या शेजारच्या छांगग्यॉंगगुंग राजवाड्यात जपानी अमलाखाली १९०९ मध्ये प्राणिसंग्रहालय उघडले आणि चेरीची झाडे लावली गेली. पिंजरे हलायला १९८० चे दशक उजाडले. त्या नेहमीच्या वर्णनापेक्षा ‘सामगुक सागी’त बेक्जेच्या पहिल्या राजाने बांधलेल्या नव्या राजवाड्याबद्दल आलेले शब्द अधिक जवळ जातात : साधा, पण कळकट नाही, देखणा, पण उधळा नाही. उद्यानरचनाकार जॉंग यॉंग-सॉन यांना हेच सूत्र प्रिय आहे. होआम संग्रहालयाच्या आवारातील त्यांची हीवॉन बाग १९९७ मध्ये खुली झाली. छांगदॉकगुंगच्या परसबागेत आजही ठरावीक वेळी, मोजक्याच लोकांना सोडतात आणि छॉंगुईजॉंगभोवतीच्या खाचरात दर उन्हाळ्यात भाताची लावणी होते.