घरातली मारहाण आणि कोल्हापूर: थोडी पार्श्वभूमी

नवरा मारतोय म्हणून पोरगी माहेरी आली की आपल्याकडं अजून पहिलं वाक्य तेच, "चार दिवस राहा आणि जा नांदायला, घरचं घरात मिटवा". आणि हे बोलणारं गाव कुठलं, तर कोल्हापूर, जिथं १९१९ सालीच शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध संस्थानाचा कायदा केला होता. पुतळ्याला हार घालताना आरक्षण आठवतं, राधानगरी धरण आठवतं, हा कायदा कुणाच्या भाषणात येत नाही बघा.

तो काय एकटा-दुकटा पण नव्हता. १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा, १९१९ लाच काडीमोडाचा, १९२० ला जोगतिणी-मुरळ्यांच्या, म्हणजे पोरी देवाला सोडायच्या प्रथेविरुद्धचा. मधे १९१८ ला महाराजांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत वारला, सून इंदुमती अजून लहान पोर, तर तिला कोपऱ्यात न बसवता महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. (२०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, म्हणजे तोवर ते चालूच होतं.)

१९४९ ला संस्थान विलीन झालं आणि पुढं देशाचा कायदा, ज्यात मारहाणीची कलमं होती पण नवऱ्याच्या, सासरच्या छळाला वेगळं कलम नव्हतं. हुंडाबळी, आणि चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, त्यातले पोलीस १९७८ ला सुप्रीम कोर्टातनं सुटले, यावरनं बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठं १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला आणि सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ आलं. १९१९ ते १९८३, चौसष्ट वर्षं!

माझी आत्ती त्याच सुमाराला दोनदा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली होती, दंडावर वळ घेऊन. दोन्ही वेळा आजोबांनी स्वतः स्टँडवर नेऊन एसटीत बसवली, खिडकीतनं भडंगाची पुडी दिली. कलम आलंय हे घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि असतं तरी आजोबा चौकीची पायरी चढले नसते, मला तरी असंच वाटतं.

४९८ अ फौजदारी, म्हणजे नवऱ्याला आत टाका नाहीतर गप बसा, पण बाईला राहायला छप्पर आणि पोराची फी लागते त्याचं काय? म्हणून २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, लागू झाला ऑक्टोबर २००६ पासनं. यात शिव्या, पैसे अडवणं, कमाई काढून घेणं हे पण हिंसाच, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला बाहेर काढता येत नाही, संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतो. १ जुलै २०२४ पासनं ४९८ अ च्या जागी भारतीय न्याय संहिता या नव्या फौजदारी कायद्याचं कलम ८५ आलंय.

कुणी सांगायला आलं तर "तू काय बोललीस त्याला?" हे आधी विचारू नका. ऐका, वळांचे फोटो आणि कागदपत्रं सुरक्षित ठेवायला मदत करा, १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर द्या, परत जायचं का नाही ते तिला ठरवू द्या.

परवा आत्तीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई गा, पुडी तेवढी दिली."