मिशिगनने गाळलेला ‘आपल्या’

टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच: इथे टेस्लाला गाडी विकता येते की नाही? टेस्लाचं मुख्यालय ऑस्टिनला, अवाढव्य कारखानाही तिथेच, रस्त्यावर दर चौथी-पाचवी गाडी त्यांचीच वाटावी इतकी गर्दी. आणि तरीही कुणीतरी सांगतं, “टेक्सासमध्ये टेस्लाला गाडी विकायला बंदी आहे.” हे ऐकलं की दोनच शक्यता वाटतात: सांगणाऱ्याला माहीत नाही, किंवा कायदा कुणी पाळत नाही. प्रत्यक्षात दोन्ही खोटं. गोंधळ होतो तो अमेरिकेत दोन वेगळ्या कायद्यांना एकच नाव पडल्यामुळे. ‘थेट विक्रीबंदी’ म्हटलं की दोन्ही त्यात येतात.

पहिला कायदा कंपनीला सांगतो: तू नेमलेल्या डीलरशी स्पर्धा करू नकोस. दुसरा सांगतो: डीलर नेमल्याशिवाय गाडी विकूच नकोस.

समजा, मिठाईच्या एका कारखानदाराने सांगलीतल्या एकाला एजन्सी दिली. त्याने पागडी देऊन गाळा घेतला, कारखानदाराच्या सांगण्यावरून फ्रिज आणि काउंटर घेतले, कर्ज काढलं. दोन वर्षांत गिऱ्हाईक जमलं आणि कारखानदाराने समोरच स्वतःचं दुकान टाकून भाव दहा टक्क्यांनी उतरवला. एजंट मेला. पहिला कायदा हे थांबवतो. आता दुसऱ्या एका कारखानदाराने कुणालाच एजन्सी दिलेली नाही. तो सुरुवातीपासून आपल्याच दुकानात आपली बर्फी विकतो. इथे कुणाचा विश्वासघात झाला? कुणाचाच नाही. तरी दुसरा कायदा त्याचंही दुकान बंद करतो.

पहिल्या प्रकारच्या कायद्यामागे खरा इतिहास आहे. १९२०-२१च्या मंदीत हेन्री फोर्डने गाड्यांचं उत्पादन डीलरांच्या गळ्यात मारलं. मागणी असो-नसो, गाड्या यायच्या, पैसे रोख भरायचे. नाही म्हटलं तर डीलरशिप जाण्याची भीती. डीलरांनी आपापल्या गावच्या बँकांकडून कर्ज काढून फोर्डची रोकड तंगी भागवली. पुढच्या दशकांत अशा तक्रारी साचत गेल्या आणि १९५६ साली अमेरिकी काँग्रेसने डीलरांना कंपनीविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात जाण्याचा हक्क देणारा कायदा केला. राज्यांनी त्यापुढे जाऊन आपापले फ्रँचायझी कायदे केले: कारणाशिवाय एजन्सी काढून घ्यायची नाही, शेजारीच दुसरा डीलर बसवायचा नाही, कंपनीने स्वतः किरकोळ विक्रीत उतरायचं नाही. आज पन्नासही राज्यांत असे कायदे आहेत. कॅलिफोर्नियाच्या अशाच कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

हे सगळे कायदे लिहिताना ज्या कंपनीला डीलरच नाहीत अशी कंपनी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्यामुळे दोन अर्थ वेगळे करण्याची गरजच पडली नाही. टेस्ला मॉलमध्ये गाळे घेऊन गाड्या मांडू लागली तेव्हा ती पडली.

मॅसॅच्युसेट्समध्ये नेटिक गावच्या मॉलमधल्या टेस्लाच्या दुकानावरून डीलर संघटना आणि दोन डीलर कोर्टात गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दारातूनच परत पाठवलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की हा कायदा डीलरला त्याच्या स्वतःच्या कंपनीपासून वाचवण्यासाठी आहे. टेस्लाशी ज्यांचा करारच नाही, त्यांना या कायद्याखाली तिच्याविरुद्ध दावा लावता येणार नाही. म्हणजे कायदा पहिल्या प्रकारचा ठरला. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये टेस्लाच्याच बाजूने निकाल दिला.

मिशिगनची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे अख्खा वाद एका शब्दावर आला. जुन्या कायद्यात होतं की कंपनीने ग्राहकाला नवी गाडी ‘आपल्या अधिकृत डीलरांमार्फत’ सोडून थेट विकू नये. या ‘आपल्या’मध्ये पळवाट होती: ज्या कंपनीला ‘आपले’ डीलरच नाहीत, तिला हे कलम लागू होतं का? ऑक्टोबर २०१४ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचा निकाल लागून जेमतेम महिना झाला होता, तेव्हा गव्हर्नर रिक स्नायडर यांनी एका दुरुस्ती विधेयकावर सही केली. त्यात इतर गोष्टींबरोबर तो एक शब्द गाळला होता. उरलं ते ‘अधिकृत डीलरांमार्फत’. स्नायडर म्हणाले, यात नवं काही नाही, बंदी आधीपासून होतीच, आपण फक्त स्पष्ट करतो आहोत. मराठी शाळेत ‘आपला’ शब्दावर व्याकरणाचे गुण गेलेले असतील, तर या शब्दाची ताकद वेगळी सांगायला नको.

या दुरुस्तीला जनरल मोटर्सचा उघड पाठिंबा होता. वरवर हे उलटं वाटतं. थेट विक्री खुली झाली तर जनरल मोटर्सलाही फायदाच ना? नाही. तिचे डीलर आहेत, म्हणून पहिल्या प्रकारचा कायदा तिला काहीही झालं तरी बांधूनच ठेवतो. टेस्लाला मोकळीक मिळाली तर ती मोकळीक जनरल मोटर्सला मिळत नाही. फक्त प्रतिस्पर्ध्याचा खर्च कमी होतो. डीलर आणि कंपनी एरवी एकमेकांचे गळे धरतात, पण दुसऱ्या प्रकारच्या कायद्यासाठी एकत्र येतात ते यामुळे. ग्राहकाचं भलं हा मुद्दा तिथे तोंडी लावायला असतो, असं माझं मत. एका गावात एकाच कंपनीचे दोन डीलर असले की भावात घासाघीस होते, हा डीलरांचा मुद्दा खोटा नाही. पण तो सगळ्यांवर सक्ती करण्याएवढा मोठाही नाही.

दुसऱ्या प्रकारचा कायदा असला तरी गाडी *घेण्यावर* बंदी नसते. टेक्सासमध्ये कारखानदाराला डीलरशिपची मालकीच ठेवता येत नाही. म्हणून टेस्लाने तिथे दुकानांऐवजी ‘गॅलरी’ थाटल्या: गाडी बघा, आत बसा, पण किंमत विचारू नका आणि टेस्ट ड्राइव्ह मागू नका, कर्मचाऱ्याला त्यावर बोलायचीच मुभा नव्हती. ग्राहक घरी जाऊन इंटरनेटवर ऑर्डर देतो आणि कागदोपत्री विक्री राज्याबाहेर होते. मिशिगनमध्ये टेस्लाने २०१६ साली दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये तडजोड झाली: गाडीची मालकी दुसऱ्या राज्यात ग्राहकाच्या नावावर चढवायची, मग ती मिशिगनमध्ये आणायला हरकत नाही, दुरुस्तीची केंद्रं उपकंपनीच्या नावाने चालवता येतील. मिशिगनमधल्या ट्रॉय-नोव्हीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या दारातल्या गाड्यांचे कागद म्हणूनच असे वळसे घेऊन येतात. न्यू मेक्सिकोत तर २०२१ मध्ये टेस्लाने नाम्बे पुएब्लो या मूळनिवासी समाजाच्या जमिनीवर, एका बंद पडलेल्या कॅसिनोत केंद्र उघडलं, कारण त्या जमिनीवर राज्याचा फ्रँचायझी कायदा चालत नाही.

काही राज्यांनी दोन्हींच्या मधला मार्ग काढला आणि तो मला सर्वांत वाईट वाटतो. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये टेस्लाला पाच दुकानं ठेवू दिली, ओहायोने तीन, न्यू जर्सीने २०१५ मध्ये चार. तत्त्व कुठलंच नाही, फक्त जो आधी आला त्याला जागा. मागून आलेल्या रिव्हियन आणि ल्युसिड या विजेवरच्या गाड्यांच्या कंपन्यांना न्यूयॉर्कमध्ये ते दार बंद. फ्लोरिडाने मात्र २०२३ मध्ये फरक नीट लिहून काढला: ज्या कंपनीचे राज्यात डीलर आहेत तिने थेट विकायचं नाही, जिचे कधीच नव्हते तिला मोकळीक.

ॲमेझॉनवर ह्युंदाई मिळते म्हणून बंदी उठली असं समजू नका. तिथला विक्रेता स्थानिक डीलरच आहे. ॲमेझॉन फक्त काउंटर.

आपल्याकडे या दोन्हींपैकी एकही कायदा नाही. मुंबईत बीकेसीमध्ये जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं ते कंपनीचंच, आणि त्यासाठी कुठला वळसा घ्यावा लागला नाही. चाकणला गाड्या जोडणाऱ्या मर्सिडीज-बेंझने २०२१ च्या ऑक्टोबरपासून गाड्यांचा साठा स्वतःकडे घेतला. इन्व्हॉइस कंपनीच्या नावाने निघतं, देशभर किंमत एक, आणि शोरूमवाल्याला प्रत्येक गाडीमागे ठरलेला मोबदला. अमेरिकेत असा बदल करायचा तर पन्नास राज्यांच्या कायद्यांशी गाठ पडली असती. उलट बाजूही आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली, २०२१ मध्ये फोर्डने गाशा गुंडाळायची घोषणा केली, आणि शोरूमवर कोट्यवधी घातलेले डीलर हात चोळत बसले. त्यानंतर डीलरांच्या फाडा या संघटनेने फ्रँचायझी संरक्षण कायद्याची मागणी लावून धरली. ती मागणी पहिल्या प्रकारची आहे, आणि मला रास्त वाटते.

अमेरिकेत आता नवा पेच आहे तो ‘आपल्या’चा अर्थ कुठपर्यंत ताणायचा याचा. फोक्सवॅगन समूहाने स्काउट नावाची कंपनी काढली आणि तिच्या गाड्या थेट विकणार असं २०२४ मध्ये जाहीर केलं. स्काउटचं म्हणणं, आम्ही वेगळी कंपनी, आम्हाला डीलर कधी नव्हतेच. फोक्सवॅगनचे डीलर म्हणतात, नाव बदललं तरी मालक तोच. म्हणजे आमचीच कंपनी आमच्याशी स्पर्धा करते आहे. २०२५ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातले डीलर यावरून कोर्टात गेले. स्काउट आणि डीलर दोघेही पहिल्या प्रकारच्याच कायद्याचा आधार घेतात, आणि भांडण आहे ते स्काउटला फोक्सवॅगनचे डीलर ‘आपले’ लागतात की नाही यावर.