मलेरियाची गोळी ल्युपसला कशी लागू पडली

"मलेरिया झालाच नाही तर मलेरियाची गोळी कामून खायलीस?" आमच्या वहिनीला हा प्रश्न परभणीत इतक्या जणांनी विचारलाय की मोजायचं सोडलं. आईनं विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, एकदा तर मेडिकलवरच्या पोरानं पण. वहिनीला ल्युपस आहे, म्हणजे अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उठते तो आजार. आधी नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालावर लाली आली, सगळे म्हणले वांग आलंय, मग सकाळी बोटं आखडायला लागली तर संधिवात ठरवला, ताप यायचा जायचा, केस मूठमूठ गळायचे, आणि आजाराचं खरं नाव कळेपर्यंत दीड वर्ष गेलं. म्हणून ही गोळी कुठून आली ते नीट लिहायचं ठरवलं, कारण घरच्यांच्या धाकानं गोळी बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावर लांडग्यानं लचका तोडल्यासारखी जखम दिसली की जुने वैद्य हेच नाव द्यायचे, त्यात कातडीचा टीबी पण यायचा. १८५१ ला पॅरिसच्या काझनाव्ह यांनी लाल चट्ट्यांचा ल्युपस वेगळा ओळखला आणि १८७२ ला व्हिएन्नाच्या कापोसी यांनी सांगितलं की हा कातडीपुरता राहत नाही, ताप, सांधे, आतले अवयव, सगळीकडं जातो. आपल्या अंगाची राखण करणारी ताकदच आपल्या अंगावर उठते हे कळायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

कारण माहिती नव्हतं पण औषध हाताला लागलं होतं. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० ला क्विनाइन वेगळं काढलं गेलं, पुढं इंग्रजांनी निलगिरी आणि दार्जिलिंगकडं त्याचे मळे लावले, सगळं हिवतापासाठी. १८९४ ला लंडनच्या पेन नावाच्या डॉक्टरनं तेच क्विनाइन ल्युपसच्या पेशंटला देऊन पाहिलं आणि चट्टे कमी झाले. त्यानंतर ३ वर्षांनी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. सिकंदराबाद म्हणजे निजामाच्याच मुलखातली छावणी, आपला मराठवाडा पण तेव्हा त्याच मुलखात.

दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावरचे सिंकोनाचे मळे जपानकडं गेले, क्विनाइन मिळेना, म्हणून सैनिकांना मेपाक्रिन नावाची गोळी सुरू केली. तिनं अंग पिवळं पडायचं, पण ज्यांना चट्टे आणि सांधेदुखी होती त्यांना बरं वाटायला लागलं. १९५१ ला इंग्लंडच्या डॉ. पेज यांनी ल्युपसच्या पेशंटवरचा मेपाक्रिनचा अनुभव छापला आणि १९५५ ला अमेरिकेत त्याच घराण्यातल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला मंजुरी मिळाली, वहिनी घेती ती हीच. त्याच साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात निदानानंतर ४ वर्षांनी जेमतेम निम्मे पेशंट जिवंत होते, हे वाचून मी थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता.

स्टेरॉईडची गोष्ट पण त्याच काळातली. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि ४ दिवसांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका बाईला कॉर्टिसोन ह्या स्टेरॉईडचं पहिलं इंजेक्शन दिलं, जिला हलता येत नव्हतं ती थोड्याच दिवसात चालायला लागली. १९५० ला त्या कामाला नोबेल मिळालं. ल्युपसमध्ये त्यानं जीव वाचले, आणि तोंड सुजणं, साखर, हाडं ठिसूळ होणं हे पण पदरात आलं. मग अंगावर उठलेली ती ताकद दाबणारी आणखी औषधं आली, १९८६ च्या सुमारास ल्युपसनं धरलेल्या किडनीसाठी सायक्लोफॉस्फामाइड, २००० नंतर मायकोफिनोलेट, २०११ ला बेलिमुमॅब. पण एवढी औषधं येऊनही ती जुनी गोळी कुणी बाजूला केली नाही, जवळपास प्रत्येक पेशंटला डॉक्टर ती लिहितातच.

ती हळू चालते, गुण यायला २-३ महिने लागतात, म्हणून बंद केली तर लगेच काही कळत नाही आणि इथंच लोक फसतात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनासाठी हीच गोळी चालती अशी हवा झाली आणि मेडिकलमधून गायब झाली. सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली तोवर दुकानं रिकामी होती. लॉकडाऊनमध्ये भाऊ मेडिकलं पालथी घालत हिंडला, वहिनी असलेल्या गोळ्या पुरवायला दिवसाआड घ्यायला लागली. जूनमध्ये बोटं परत सुजली, लघवीला फेस यायला लागला, तपासली तर प्रोटीन चाललेलं, म्हणजे आजार किडनीवर आलेला, आणि जी स्टेरॉईड सुटत आली होती ती परत वाढवावी लागली.

डोळ्याची भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नाही, वर्षानुवर्षं घेतल्यावर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून डोस वजनावर ठरतो, किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी.

आता वहिनीला सातवा महिना चाललाय. पोटात लेकरू असताना मलेरियाची गोळी नको म्हणून घरात परत सुरू झालं, तर डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं की ह्या दिवसांत ही बंद केली तर आजार उसळायची भीती जास्त, लेकराला पण तिच्यानं धोका नाही. तेव्हापासून रात्रीचं जेवण झालं की आईच तांब्या आणि गोळी तिच्यापुढं आणून ठेवती.