जागा कोणाच्या नावावर? पेढी, एचयूएफ, कंपनी आणि एलएलपी

मुंबईत गुंतवणुकीची जागा स्वतःच्या नावावर घ्यावी की एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब), भागीदारी पेढी, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), हा प्रश्न आज सहसा सीएच्या टेबलावर सुटतो. जुन्या मालमत्ता पत्रकांवरची नावे मात्र वेगवेगळ्या कारणांनी चढली आहेत. ज्या दशकात जो कायदा आडवा आला, त्याला वळसा घालायला जे रूप सोयीचे पडले ते लोकांनी घेतले. कायदा पुढे बदलला, नाव तसेच राहिले.

खासगी ट्रस्टचा कायदा 1882 चा, भागीदारीचा 1932 चा. गावदेवीत 1915 साली सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली, तिथून फ्लॅट म्हणजे सोसायटीचे शेअर आणि वापराचा हक्क ही मुंबईची खास रचना रुजली.

खरी धांदल उडाली ती 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने. मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा 500 चौरस मीटर ठरली. कायद्यातल्या ‘व्यक्ती’मध्ये माणूस, कुटुंब, पेढी आणि कंपनी सगळेच येत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले, त्यामुळे सज्ञान मुलगा वेगळा मोजला जाई. पेढी काढून जमीन वाटण्याचा उपाय मात्र पुरता चालला नाही, कारण पेढीतला हिस्सा भागीदाराच्या खात्यात धरला जाई. महाराष्ट्राने हा कायदा नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द केला.

भाडे नियंत्रणाने दुसरा वळसा दिला. 1999 च्या राज्य कायद्याने, 1 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्यांचे भाडेकरू म्हणून असलेले संरक्षण काढून घेतले. म्हणजे फोर्टातल्या त्याच मजल्यावर एखादी पेढी जुन्या भाड्यात बसलेली आणि शेजारच्या कंपनीला बाजारभाव, असे चित्र निर्माण झाले. भाडेकरूचे भागभांडवल तपासणे हे जुनी इमारत घेणाऱ्याचे पहिले काम झाले, ते आजही आहे.

एचयूएफचे रूप सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय. मात्र स्वतःची जागा कुटुंबाच्या नावे करून भाडे तिथे दाखवले, तर 31 डिसेंबर 1969 नंतरच्या अशा रूपांतरात ते उत्पन्न मूळ माणसाच्याच उत्पन्नात मिळवले जाते. 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी प्राप्तिकर खाते मानत नाही. वाटणी करायची तर सगळ्याच मालमत्तेची. मुलींचा हक्क महाराष्ट्रात 1994 ला, देशभर 2005 ला आला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने मिळतो असे स्पष्ट केले. त्यामुळे एकट्या कर्त्याच्या, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या, सहीवर एचयूएफचा फ्लॅट विकायला निघाल्यास खरेदीदाराची बँक लग्न झालेल्या मुलींचे संमतिपत्र मागते. विक्री अडते ती बहुधा इथेच.

सर्वांत गुंतलेला भाग पेढीचा. ‘पेढीची मालमत्ता’ हा शब्दच फसवा आहे. पेढीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्ताच्या उताऱ्यावर, भागीदारांची नावे येतात, ‘अमुक पेढीचे भागीदार म्हणून’. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेढीत जमीन असली तरी भागीदाराचा हिस्सा जंगम समजायचा. व्यापाऱ्यांनी यातून जे उचलले ते सरळ होते. जमीनमालकाने जमीन भांडवल म्हणून पेढीत आणायची, बिल्डरने रोख आणून भागीदार व्हायचे, काही महिन्यांनी मालकाने रोख घेऊन निवृत्त व्हायचे. विक्रीखत नाही, भांडवली नफा नाही. विसर्जनात मालमत्ता वाटणे हे हस्तांतरण नव्हे, असा निकाल 1979 ला आला. जमीन पेढीत आणणे हे हस्तांतरण खरे, पण त्याची किंमत ठरवता येत नाही म्हणून कर नाही, असा 1985 ला.

1987 च्या वित्त कायद्याने दोन्ही दरवाजे बंद केले, निदान तसा हेतू होता. कलम 45(3) प्रमाणे जमीन आणताना पेढीच्या वहीत जी रक्कम लिहिली तीच मोबदला. कलम 45(4) प्रमाणे ‘विसर्जनात किंवा अन्यथा’ मालमत्ता वाटली तर बाजारभावाने पेढीवर कर. आता या ‘किंवा अन्यथा’वर पुढची तीस वर्षे गेली. ते शब्द विसर्जनासारख्याच प्रसंगांपुरते आहेत असे करदाते म्हणत; निवृत्तीही त्यात येते असे खाते म्हणे. मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये खात्याची बाजू घेतली. मग लोकांनी मालमत्ता न नेता रोख न्यायला सुरुवात केली: जमिनीचे पुनर्मूल्यांकन करायचे, फुगलेली रक्कम भांडवली खात्यात जमा करायची आणि काढून घ्यायची. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जमा म्हणजेही हस्तांतरण ठरवले. तोवर 2021 च्या वित्त कायद्याने जुने 45(4) काढून नवे घातले होते आणि जोडीला 9बी आणले होते, तेही 2020-21 च्या व्यवहारांपासून लागू करून.

दोन्ही कलमे एकत्र कशी चावतात ते आकड्यांत बघावे. तीन भावंडांची समसमान पेढी, प्रत्येकाचे भांडवल 30 लाख. अंधेरीचा एक गाळा वहीत 30 लाखांना, बाजारभाव 3 कोटी. एक भाऊ तो घेऊन निवृत्त होतो. 9बी प्रमाणे पेढीने गाळा 3 कोटींना विकला असे धरले जाते, नफा 2.70 कोटी, दीर्घ मुदतीचा कर 12.5 टक्क्यांनी 33.75 लाख. उरलेले 236.25 लाख तिघांत, म्हणजे प्रत्येकी 78.75 लाख. निवृत्त होणाऱ्याचे भांडवल 108.75 लाख झाले, हातात मात्र 300 लाखांचा गाळा. वरचे 191.25 लाख नव्या 45(4) खाली पुन्हा पेढीच्याच हाती करपात्र. उरलेल्या जागा दीर्घ मुदतीच्या असतील तर आणखी सुमारे 23.9 लाख. अधिभार आणि उपकर वेगळे. हे 191.25 लाख नियम 8एबी प्रमाणे उरलेल्या जागांना विभागून दिले जातात आणि त्या विकताना नफ्यातून वजा होतात, म्हणून याला सरळ दुहेरी कर म्हणणे बरोबर नाही. पण आज खिशातून जातात ते मागे राहिलेल्या दोघांच्या, आणि सवलत मिळते ती ते कधी विकतील तेव्हा. निवृत्तीच्या करारनाम्यात हा कर कोणाचा, हे वाक्य नसले तर भावंडे कोर्टात भेटतात.

मुद्रांक शुल्काचे गणित याहून वेगळे, आणि तिथे वहीतल्या आकड्याला किंमत नाही. जागा भांडवल म्हणून आणली की रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) बाजारमूल्यावर विक्रीखताच्या दराने शुल्क. निवृत्तीत जागा जर ज्याने आणली त्याच्याखेरीज दुसऱ्याने नेली तर पुन्हा तसेच. वरच्या गाळ्यावर 5 टक्क्यांनी 15 लाख. ज्याने आणली त्यानेच परत नेली तर नाममात्र. म्हणून कोणती जागा कोणी आणली हे भागीदारी करारनाम्याच्या परिशिष्टात सर्वे नंबरसकट लिहिलेले असणे हे जुन्या पेढ्यांचे सर्वांत मोलाचे पान, आणि बहुतेक पेढ्यांत नेमके तेच गायब असते. नोंदणीही तशीच. भागीदार बदलला आणि पेढ्यांच्या निबंधकाकडे कळवले नाही, तर ज्याचे नाव रजिस्टरवर नाही त्याला धरून पेढीला भाडेकरूवर करारापोटी दावा लावता येत नाही.

एलएलपी 2009 मध्ये आली. कर पेढीसारखा 30 टक्के, भागीदाराला मिळालेला नफा करमुक्त, जबाबदारी मर्यादित, आणि जागा थेट एलएलपीच्या नावावर. कंपनीतून एलएलपीत करमुक्त जायला 2010 पासून वाट आहे, पण आधीच्या तीन वर्षांत कुठल्याही वर्षी उलाढाल 60 लाखांवर नको. 2016 पासून एकूण मालमत्ताही 5 कोटींवर नको. मुंबईत दोन फ्लॅट असले तरी बाजारभावाने 5 कोटी होतात, मात्र इथे मोजतात ते वहीतले मूल्य, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 45(4) आणि 9बी एलएलपीलाही लागू आहेत. पेढीतून एलएलपीत गेल्याने ते टळत नाहीत.

कंपनीला सवलतीचा 22 टक्के दर मिळतो, पण 2020 पासून लाभांशावर भागधारकाला पुन्हा कर. शिवाय नफा राहत्या घरात गुंतवल्यावर मिळणाऱ्या कलम 54 आणि 54एफ या सवलती फक्त माणूस आणि एचयूएफला. महिला खरेदीदाराची मुद्रांकातली 1 टक्का सूट कंपनीला नाही. जुलै 2024 नंतरही जुन्या जागेवर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून) 20 टक्क्यांचा हिशोब करून कमी भरेल तो कर निवडायची मुभा राहिली ती निवासी माणूस आणि एचयूएफलाच. कर्जत-अलिबागची शेतजमीन तर कंपनी किंवा एलएलपी शेतकरी नसल्याने सरळ घेऊ शकत नाही. 1948 च्या कूळ कायद्याचे कलम 63 आडवे येते. 1 एप्रिल 2026 पासून नव्या प्राप्तिकर कायद्यात या कलमांचे क्रमांक बदलतात, जुनी प्रकरणे जुन्याच क्रमांकांनी चालतात.

हे रूप टिकवण्याचा खर्च कोणी मोजत नाही. एलएलपीचा फॉर्म 11 (वार्षिक विवरण) ३० मेपर्यंत, फॉर्म 8 (हिशेब) ३० ऑक्टोबरपर्यंत, करारात बदल झाला की 30 दिवसांत फॉर्म 3; उलाढाल 40 लाख किंवा योगदान 25 लाखांवर गेले की लेखापरीक्षण. कंपनीला लेखापरीक्षण एका रुपयाची उलाढाल नसतानाही लागते. वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत एओसी-4 (हिशेब), 60 दिवसांत एमजीटी-7 (वार्षिक विवरण), आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000.

2017 मध्ये विवरणे न भरलेल्या 2 लाखांहून अधिक कंपन्यांची नावे रजिस्टरमधून काढली गेली आणि त्यांच्या बँक खात्यांवर बंधने आली. त्यांत नुसता एक फ्लॅट धरून बसलेल्या कंपन्याही होत्या. सोसायटी बिल पाठवत राहते, कोणीतरी ते भरत राहतो, शेअर सर्टिफिकेटवर कंपनीचे नाव तसेच असते. विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील शोध घेतो तेव्हा ‘स्ट्रक ऑफ’ दिसते. मग कंपनी कायदा न्यायाधिकरणात 20 वर्षांच्या मुदतीत पुनर्स्थापनेचा अर्ज, सगळी राहिलेली विवरणे विलंब शुल्कासह, सलग तीन वर्षे विवरणे न भरल्याने संचालक पाच वर्षे अपात्र झाले असतील तर आधी त्यांचा प्रश्न, आणि त्यानंतर विक्रीखत.