गोरिला ट्रेकिंग आणि चिंपांझी ट्रेकिंग: नाव सारखं, काम वेगळं

युगांडाचं पॅकेज कोणी पाठवलं की त्यात दोन ओळी हमखास असतात, "चिंप ट्रेकिंग, किबाले" आणि "गोरिला ट्रेकिंग, ब्विंडी" (किबाले आणि ब्विंडी ही तिथली जंगलं, गाइडबरोबर चालत जाऊन प्राणी शोधायचा आणि तासभर बघायचा), आणि मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते की दोन्ही माकडंच ना, मग दोनदा पैसे कशाला घालवायचे, स्वस्तवालं करू आणि उरलेल्या पैशात मसाई मारा जोडू. चिंपचं परमिट २५० डॉलर आणि गोरिलाचं ८०० (परदेशी पाहुण्यांसाठी जुलै २०२४ पासूनचे दर), त्यामुळे हिशोब लगेच जुळल्यासारखा वाटतो. पण चिंप ट्रेकिंग हे गोरिला ट्रेकिंगचं स्वस्त व्हर्जन नाहीये. थोडक्यात सांगायचं तर गोरिलाचे सगळे कष्ट पोचेपर्यंत, आणि चिंपचे कष्ट सुरूच होतात पोचल्यावर.

माकडंवाला मुद्दा आधी मिटवून टाकू. दोघांनाही शेपूट नाही, दोघंही एप, म्हणजे माणसाच्या जवळचे बिनशेपटीचे वानर. आणि गंमत म्हणजे चिंपांझीचं जवळचं नातं गोरिलाशी नाही, आपल्याशी आहे. डीएनए जुळवून बघितला तर चिंप आणि माणसात साधारण सव्वा टक्क्याचा फरक निघतो, गोरिला त्याच्याहून थोडा लांबचा. म्हणजे एकाच कुटुंबाच्या फोटोत उभं राहायचं झालं तर चिंप आपल्या शेजारी येईल आणि गोरिला काकांच्या रांगेत.

कुठे काय दिसतं यातही खूप गोंधळ आहे. केनियात जंगली गोरिला नाहीत आणि जंगली चिंपही नाहीत, तिथल्या ओल पेजेटा अभयारण्यात जे चिंप आहेत ते सोडवून आणून सांभाळलेले. टांझानियात चिंप आहेत (गोंबे आणि महाले, चिंपांचा अभ्यास करायला जेन गुडॉल १९६० मध्ये गेल्या ते हेच गोंबे), गोरिला नाहीत. माउंटन गोरिला तर अख्ख्या जगात दोनच जागी, एक ब्विंडीचं जंगल आणि दुसरे युगांडा-रवांडा-काँगोच्या सीमेवरचे विरुंगा ज्वालामुखी. २०१८ मधल्या ब्विंडीच्या मोजणीनंतर दोन्हीकडचे मिळून १०६३ भरले. झूमध्ये माउंटन गोरिला बघायला मिळत नाही, आपल्या लोकांनी म्हैसूरच्या झूत बघितलेले गोरिला हे सखल भागातल्या जंगलातले, ती जातच वेगळी.

आता गोरिलाचा दिवस कसा जातो बघा. हा प्राणी पाला खातो. पाला सगळीकडे असतो, त्यामुळे त्याला लांब जायची गरजच नाही, कळप दिवसभरात एखादा किलोमीटर सरकतो, कधी तेवढंही नाही, आणि रात्री बहुतेक वेळा जमिनीवरच पानं-फांद्या दाबून झोपायची जागा करतो. ट्रॅकर मंडळी उजाडताच काल संध्याकाळी कळप जिथे सोडला तिथे जातात, रात्रीची घरटी शोधतात, ताजी विष्ठा, मोडलेले दांडे बघत माग काढतात आणि वायरलेसवर गाइडला कळवतात. त्यामुळे गोरिला सापडतात, प्रश्न असतो तुम्ही तिथवर पोचता का.

कारण ब्विंडीला पायवाट अशी नसतेच, म्हणजे सुरुवातीला असते, मग गाइड एका जागी थांबतो, वायरलेसवर काहीतरी बोलतो आणि थेट उतारावरून झाडीत घुसतो, पुढचा माणूस कोयत्याने वेली तोडतोय आणि तुम्ही त्या तुटलेल्या वेलींच्या गादीवरून चालताय, खाली जमीन आहे की नुसता पाला ते पाय घातल्यावरच कळतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना दम पुरतो पण ही पाय न टेकण्याची सवय नसते. उंचीचंही लक्षात ठेवा, कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, आणि ब्विंडीचा रुहिजा भाग त्याच्याही बराच वर. एक तास लागेल की सहा, कोणी आधी सांगू शकत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर डोली मिळते, चार जण उचलतात, तिकडे गमतीत तिला हेलिकॉप्टर म्हणतात. लाजू नका, वयस्कर लोक सर्रास घेतात.

पण एकदा पोचलात की संपलं. समोर सिल्व्हरबॅक (पाठीवरचे केस पांढुरके झालेला मोठा नर) बसलेला, पावणेदोनशे किलोच्या आसपासचा ऐवज, एक जाड दांडा उपटतो, दातांनी साल काढून बाजूला टाकतो, आतला ओला गाभा कचाकच चावतो, आणि तुमच्याकडे एकदा बघून परत कामाला लागतो. पिल्लं त्याच्या अंगावरून घसरतायत. गाइड मध्येमध्ये घसा खाकरल्यासारखा खर्जातला आवाज काढतो, तो गोरिलांचाच "सगळं ठीक आहे" वाला आवाज आहे, आणि समोरूनही तसंच उत्तर येतं. सिल्व्हरबॅक अंगावर धावून आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, नजर खाली. बहुतेक वेळा ते नुसतं दटावणं असतं. तासभर तुम्ही एका जागी उभे किंवा बसलेले, फोटो मोबाइलवरही चांगले येतात, फक्त फ्लॅश बंद.

किबालेचा मामला बरोब्बर उलटा. जंगल साधारण सपाट, पायवाटा आहेत, पार्कच्या कान्यानचू इथल्या ऑफिसात ब्रीफिंग होतं, सकाळी एक बॅच आणि दुपारी एक, आणि अर्ध्या-एक तासात चिंप सापडूही शकतात. लोकांना वाटतं झालं, सोपं होतं. अहो, आता सुरू.

चिंप फळांवर जगतो, आणि फळं रोज एका जागी नसतात. आज हे उंबर-वडाच्या जातीचं झाड पिकलंय तर सगळे इथे, उद्या दोन किलोमीटरवर. शिवाय यांचा कळप एकत्र चालतच नाही, शंभरेक जणांचा समाज असतो पण सकाळी चार इकडे, सहा तिकडे, एखादा नर एकटाच, संध्याकाळी परत वेगळ्याच जोड्या. झोपतात झाडावर, खातात झाडावर, आणि जागा बदलायची तर जमिनीवर उतरून सरळ चालू लागतात, तेही अशा वेगाने की गाइड "चला चला" म्हणतो आणि तुम्ही मुळांना अडखळत, पाठीवरची सॅक वेलीत अडकवत मागे पळता, मग ते थांबतात, तुम्ही धापा टाकत कॅमेरा वर करता, आणि ते परत निघालेले असतात. तुमचा एक तास यातच जातो. कधी पूर्ण तासभर ३० मीटर वरच्या फांदीवरचा एक काळा ठिपकाच दिसतो, मान अवघडते, आणि मागे पांढरं आभाळ असल्याने फोटोत नुसती सावली येते (एक्स्पोजर वाढवून ठेवा, आणि झूम जरा मोठा न्या). झाडाखाली उभं राहून वर बघताना तोंड मात्र मिटलेलं ठेवा. वरून अर्धवट खाल्लेली फळंच पडतात असं नाही.

मग जायचं कशाला? आवाजासाठी. आधी लांबून एकच हू, मग दुसरीकडून हू-हू, मग श्वास आत-बाहेर घेत घेत तो वाढत जातो आणि शेवटी सगळं जंगल किंचाळायला लागतं, त्यात कुणीतरी मोठ्या झाडाच्या फळीसारख्या रुंद मुळांवर धडाधड हातपाय आपटतो. पोटात गोळा येतो खरंच. आणि त्यांचं राजकारण बघायला मिळतं, कोण कोणाच्या पाठीतल्या उवा काढतोय, कोण आला की बाकीचे सरकतात. नर एका रांगेत, अजिबात आवाज न करता हद्दीवर गस्त घालतात. माकडांची शिकारही करतात, किबालेतलाच एनगोगो नावाचा मोठा समाज (तो संशोधकांचा, पाहुण्यांना तिकडे नेत नाहीत) त्याच्या भागातल्या रेड कोलोबस माकडांची संख्या घटवण्याइतका शिकारी ठरला. गोरिलाकडे बघून माणूस शांत होतो, चिंपकडे बघून मला तरी जरा अस्वस्थच व्हायला होतं, आणि मी याच कारणासाठी दोन्ही करा म्हणते.

मास्क, अंतर आणि एक तासाची मर्यादा हे मात्र दोन्हीकडे सारखंच, आणि ते उगीच नाही. २०१३ मध्ये किबालेच्याच कान्यावारा भागात माणसांना साधी सर्दी देणाऱ्या जातीच्या एका विषाणूने पाच चिंप मेले. ब्विंडीत १९९६ ला गोरिलांना खरूज झाली होती, आसपासच्या गावांतल्या माणसांकडून आलेली, त्यावर काम केलेल्या डॉक्टर ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे माणसं आणि गोरिला दोघांच्या आरोग्यावर एकत्र काम करणारी संस्थाच काढली. म्हणून सर्दी-खोकला असेल तर तुम्हाला परत पाठवतात आणि त्यावर वाद घालू नये. जंगल वाचवायची किंमत कोणी दिली तेही माहीत असावं, १९९१ ला ब्विंडी नॅशनल पार्क झालं तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं, त्यांचा जंगलावरचा हक्क गेला.

अजून एक शब्द पॅकेजमध्ये घुसतो, "हॅबिच्युएशन". हे ट्रेकिंग नव्हे. माणसांची अजून पूर्ण सवय न झालेल्या कळपाबरोबर संशोधक, ट्रॅकर यांच्या सोबत जास्त वेळ काढायचा, गोरिलाला चार तास आणि चारच पाहुणे, चिंपला जवळजवळ दिवसभर. महाग आहे आणि कळप बिचकतो, पहिल्याच वेळी जाणाऱ्याने याच्या नादी लागू नये असं माझं मत.

क्रम लावायचा तर चिंप आधी, गोरिला नंतर. एंटेबेहून फोर्ट पोर्टलकडे किबाले, तिथून क्वीन एलिझाबेथ पार्क (काझिंगा चॅनलच्या बोटीतून पाणघोडे, आणि दक्षिणेला इशाशाचे झाडावर चढून बसणारे सिंह), तिथून ब्विंडी, हा रस्ताच तसा पडतो. शिवाय गोरिलानंतर पाय इतके भरून येतात की चिंपांमागे पळणं होत नाही.

परमिट हातात आलं की त्यावरचा भाग वाचा. ब्विंडीचे चार भाग आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा, एनकुरिंगो, आणि नकाशावर जवळ दिसले तरी डोंगराला वळसा घालून जाताना तास मोडतात. इशाशाकडून येताना बुहोमा सोयीचं, परत जाताना बुन्योनी तळं करायचं असेल तर रुशागा. हॉटेल एकीकडे आणि परमिट दुसरीकडे असा घोळ एजंट आरामात करतात, आणि सकाळचं ब्रीफिंग तुमच्यासाठी थांबत नाही. गोरिलाच्या एका कळपाला दिवसाला आठच पाहुणे असतात त्यामुळे जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारीची परमिटं कित्येक महिने आधी धरावी लागतात, चिंपला त्यामानाने ढील आहे.

कपडे दोन्हीकडे एकच, लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली (किबालेत मुंग्यांच्या फौजा, ब्विंडीत लागताच आग होणारी पानं), आणि ब्विंडीसाठी बागकामाचे हातमोजे. पोर्टर ब्विंडीत घ्याच, बॅग हलकी असली तरी घ्या, शेजारच्या गावातलाच माणूस असतो आणि चिखलाच्या चढावर हात देऊन वर ओढतो तो तोच. मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये थेट विमान सुरू केलंय. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं ते पिवळं पुस्तक परतीच्या वेळी हातातल्या बॅगेत ठेवा, भारतात उतरताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.