बाळाचा खर्च कोणाच्या पदरी? काटकसरीची पार्श्वभूमी

मूल तान्हे असताना पैसे कुठे वाचवावेत, हा प्रश्न आजच्या आईबापांना डायपर, पावडरचे दूध, पाळणाघर आणि खेळणी अशा ठरावीक खात्यांत पडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घराचा जमाखर्च चाळला, तर यांतले एकही खाते त्यात स्वतंत्रपणे सापडणार नाही. मूल तेव्हाही फुकट वाढत नव्हते. त्याचा खर्च पैशांपेक्षा श्रमांत, आणि तेही बहुतेक करून बायकांच्या श्रमांत, भागवला जाई. कोणत्या घराने काय सोसायचे हे रीतिरिवाजाने ठरलेले असे. एकेक गोष्ट घरातून बाजारात कशी गेली, हे पाहिल्याशिवाय आजच्या काटकसरीच्या सल्ल्यांचा नीट उलगडा होत नाही.

सुरुवात कापडापासून करणे योग्य होईल. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर सुती कापड. ते विरले की दंड घालून, म्हणजे विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडून, आणखी काही महिने नेसले जाई, आणि दंड घालण्यापलीकडे गेले की त्याची बाळोती होत. मधला विरलेला भाग सोडून काठाकडच्या धडक्या कापडातून दुपटी निघत, उरलेल्यातून तिकोनी लंगोट, त्याहून जीर्ण तुकड्यांचा थर गोधडीत जाई आणि शेवटी जे राहील त्याचे पोतेरे. शेकडो धुण्यांतून गेलेल्या या कापडात खळीचा अंश नसे आणि ते बाळाच्या जांघेत काचत नसे. नवजात बाळाला पहिल्यांदा नवे कपडे घालू नयेत, धडधाकट वाढलेल्या एखाद्या मुलाचे जुने झबले मागून आणून घालावे, अशी जी रीत अनेक घरांत आजही पाळली जाते, तिच्यामागे दीर्घायुष्याची श्रद्धा आहे हे खरे. पण तिच्यामुळे झबली आणि टोपडी घरोघर फिरत राहिली, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसे. दिवसाला पंधरा-वीस बाळोती धुवायची आणि ऊन नसताना वाळवायची, म्हणून निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक कापड पसरले जाई. ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरीचा वास त्या कापडांना महिनोन्‌महिने येत असे. हे काम करणारी आजी, आत्या किंवा घरातली विधवा बाई हिशेबात कुठेच येत नसे. जुने लोक स्वस्ताईची आठवण काढतात तेव्हा त्या स्वस्ताईतला मोठा भाग या न मोजलेल्या हातांचा होता, हे लक्षात ठेवावे लागते.

खर्चाची वाटणी मात्र बरीच विचारपूर्वक झालेली दिसते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे सर्वांत जड महिने मुलीच्या आईवडिलांच्या पदरी पडत, आणि बाळंतविड्यामुळे डिंक, अळीव, खारीक, खोबरे, बाळंतशेपा, दुपटी, झबली या वस्तू नातेवाइकांकडून येत. पाळणा बहुधा विकत घेतलाच जात नसे. भावकीत एखादा असे आणि ज्या घरी बारसे असेल तिकडे तो जाई. सावंतवाडीच्या चितार आळीतून आलेला लाकडी पांगुळगाडाही असाच तीन-चार मुलांना पुरे, मग माळ्यावर जाऊन पुढच्या पिढीची वाट पाहत राही. बाळगुटीचेही तेच. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा यांचा एक संच सहाणेवर दोन-चार वेढे उगाळून रोज वापरला तरी वर्षभर संपत नसे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, त्यामुळे गुटीचे गुणगान करण्याचे कारण नाही. पण घरात उगाळण्याच्या या वस्तूचे बाटलीतल्या मालात रूपांतर करता येते, हे मुंबईच्या कारखानदारांनी फार लवकर ओळखले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डोंगरे बालामृताच्या जाहिराती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या.

ज्या घरात आजी नव्हती आणि माहेर शंभर कोस दूर होते, त्या घराचे काय होत असे, याचे उत्तर गिरणगावात मिळते. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या बायका मुंबईच्या कापड गिरण्यांत दहा-दहा तास उभ्या असत आणि तान्ही मुले चाळीतल्या खोलीत राहत. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ दिली जाई. ही प्रथा किती सार्वत्रिक होती, याची नोंद १९२०च्या दशकातल्या वैद्यकीय पाहणीत झाली आणि पुढे शाही कामगार आयोगानेही तिची दखल घेतली. पैशाच्या दृष्टीने मुलाला सांभाळण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. काटकसरीच्या इतिहासात ही गोळी वगळून चालणार नाही, कारण स्वस्तातला उपाय आणि मुलाचे हित यांची फारकत तिच्याइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

याच पार्श्वभूमीवर मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात पगारी रजा देणारे विधेयक आले. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना जो मुद्दा मांडला, तो आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो: आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलला पाहिजे, आणि बायकांच्या श्रमातून फायदा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. भारतातला तो या प्रकारचा पहिला कायदा. मूल वाढवण्याचा खर्च हा केवळ त्या घराचा खासगी प्रश्न नाही, असे कायद्याने मान्य करण्याची ही सुरुवात होती. १९४८च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती केली, १९६१च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा आली आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या बाईला यांतला कोणता लाभ मिळतो, हे विचारले तर मात्र उत्तर आजही अवघड आहे.

त्याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे खर्चाच्या प्रश्नाला अगदी वेगळ्या टोकाने भिडत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांची छी-थू झाली. पुढे १९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम झाला, त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला आणि लहान कुटुंब म्हणजे बचत हे समीकरण घराघरांत पोहोचले. ते पूर्णपणे खरे ठरले, असे मात्र म्हणवत नाही. मुले कमी झाली तशी एका मुलामागची खरेदी वाढली, कारण थोरल्याचे झबले धाकट्याला घालण्याची साखळीच तुटली. तिसऱ्या मुलापर्यंत पोहोचणारा पाळणा आता एकाच मुलासाठी घेतला जातो आणि वर्षभराने गॅलरीत अडगळ होऊन बसतो.

दुधाचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे. न्यूझीलंडमधल्या दुधाच्या पावडरीपासून सुरू झालेले ग्लॅक्सोचे डबे १९२०च्या दशकात भारतात स्थिरावले, आणि गुटगुटीत बाळ म्हणजे डब्याच्या दुधावरचे बाळ ही कल्पना शहरी मध्यमवर्गात मूळ धरू लागली. आयात डबा महाग होता. म्हणून स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्याच्या धडपडीत दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. पहिला मुंबईचा. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तो तीन टक्क्यांवर आणला, की तेवढ्याच म्हशींच्या दुधात जवळपास दुप्पट घरांची गरज भागते आणि दर खाली येतो. दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये मुंबईत हे टोन्ड दूध आणले, १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली आणि पहाटे आरेच्या केंद्रावर कार्ड घेऊन रांग लावणे हा कामगारांच्या मुंबईचा नित्यक्रम झाला. दुसरा प्रयत्न आणंदचा. म्हशीच्या दुधापासून बाळांचे अन्न बनवता येणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याची पद्धत बसवली आणि १९६०च्या सुमारास अमूलचे बेबी फूड बाजारात आले.

देशी डबा आला, पण काटकसरीचा खरा घोळ डब्याच्या किमतीपेक्षा तो पुरवून वापरण्यात होता. आठ दिवसांचा डबा पंधरा दिवस पुरावा म्हणून चमचाभर पावडरीत दुप्पट पाणी घातले जाई, बाटली उकळायला रॉकेल पुरत नसे, आणि बाळ हगवणीने आजारी पडले की वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट डॉक्टरकडे जात. जगभरातल्या गरीब वस्त्यांत हेच घडत होते. १९७४ नंतर त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने बालदुधाच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. विरोधात मत देणारा एकमेव देश अमेरिका होता. भारतातल्या पुढच्या लढ्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ हे जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्थापन झाले. लगोलग बालदुधाच्या विक्रीविषयीचा १९९२चा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याने जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू यांवर बंदी घातली आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यासही मनाई केली. ग्लॅक्सोच्या काळापासून डब्याची ओळख असलेले गुबगुबीत बाळ त्यामुळे डब्यावरून नाहीसे झाले. एखाद्या दुकानात बाळाच्या दुधावर ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी का दिसू नये, याचे कारणही हेच.

आता खेळण्यांकडे. या बाबतीत महाराष्ट्राने जे केले ते अधिक परिचित व्हायला हवे, असे माझे मत आहे. मॉन्टेसरी पद्धतीची साधने नेमक्या मापांची, गुळगुळीत पॉलिश केलेली आणि महाग असत. ती पद्धत त्यामुळे सधन घरांतल्या मुलांपुरती राहण्याची भीती होती. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम केले, दादरला शिशुविहार चालवले आणि १९४५ मध्ये अनुताई वाघांना घेऊन त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. रंगीत ठोकळ्यांच्या जागी गारगोट्या, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, मातीची मडकी आली. मोजणे शिकायला चिंचोके पुरेसे होते. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना दुसरी एक अडचण समोर आली: वारली मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेली की सात-आठ वर्षांची ताई हेच त्या घराचे पाळणाघर. म्हणून ‘विकासवाडी’ या त्यांच्या तिथल्या शाळेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकट्याला पहिल्या खोलीत ठेवून थोरली तिसऱ्या खोलीत बसू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले.

डायपरचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेत १९६१ मध्ये पिओरिया या गावी पॅम्पर्सची चाचणी विक्री झाली, तेव्हा आयांना वस्तू आवडली, पण दहा सेंटला एक हा दर परवडला नाही. कंपनीला किंमत बरीच खाली आणावी लागली आणि मगच खप वाढला. भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यास पुण्याजवळच्या कारखान्यातून हगीज येऊ लागले आणि २००६ मध्ये पॅम्पर्स आले. इथली घासाघीस वेगळ्या पद्धतीने सुटली. शांपूच्या पुडीप्रमाणे डायपरही किराणा दुकानात सुटा मिळू लागला, आणि बाळोती धुणारी आजी घरात नसलेल्या जोडप्यांनी दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर अशी वाटणी स्वतःच बसवली. १ जुलै २०१७ पासून डायपरवर बारा टक्के वस्तू व सेवा कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांनाही तीच सवलत मिळाली.

लंगोट मात्र आता घरात तयार होत नाहीत. आजीच्या कपाटातल्या साड्यांपैकी बऱ्याचशा सिंथेटिक असतात, त्या विरत नाहीत आणि पाणीही टिपत नाहीत. त्यामुळे विरल्या लुगड्याइतके मऊ असल्याची ग्वाही देणारे मलमलचे तिकोनी लंगोट सहा-सहाच्या पाकिटांत विकत आणावे लागतात, आणि पहिल्यांदा वापरण्यापूर्वी दोन-तीनदा धुऊन घ्या, असे घरातली जाणती बाई तरीही सांगतेच.