खडबडीत धातूवरचा अतिनील प्रकाश: हार्मोनिक की अणूंची चमक?

खडबडीत धातूवर लेझर टाकला की टोकाटोकांपाशी विद्युतक्षेत्र कैक पटींनी वाढतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. १९८१ मध्ये खडबडीत चांदीवर १०६४ नॅनोमीटरच्या लेझरपासून ५३२ नॅनोमीटरचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे लेझरच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश, सपाट चांदीपेक्षा सुमारे १०,००० पट जास्त मिळाला होता. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते पुढे. टोकांपाशी आरगॉन वायू सोडला, डिटेक्टरवर अतिनील दिसला, की लगेच ‘हार्मोनिक मिळाला’! तो आरगॉनच्या अणूंची स्वतःची चमकही असू शकते, हे कुणी बघत नाही. इंदूरमध्ये आरआरकॅट ही लेझर आणि त्वरकांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश देणारं यंत्र) आहे, तरी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या वहीत दर वर्षी हीच चूक. फार जीव तुटतो.

हार्मोनिक हे लेझरचं अपत्य: लेझरची तरंगलांबी भागिले पूर्णांक. चमक ही अणूची स्वतःची: लेझरने त्याला फक्त उत्तेजित केलं, रंग त्याचा ठरलेला. तंबोऱ्याची तार चढवली की तिचे उपस्वरही चढतात. खजराण्याच्या देवळातली घंटा मात्र हळू वाजवा की जोरात, तिचा सूर तोच.

म्हणून लेझरची तरंगलांबी बदलून बघा. ८०० नॅनोमीटरचा सातवा हार्मोनिक ११४.३ वर येतो. लेझर ७८० वर नेला की तो १११.४ वर सरकतो. आरगॉनच्या चमकेच्या १०४.८ आणि १०६.७ च्या वर्णपटरेषा जागच्या हलत नाहीत.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांचीच नव्हे. २००८ मध्ये कोरियातल्या गटाने सोन्याच्या सूक्ष्म टोकांवर सतराव्या हार्मोनिकपर्यंत, म्हणजे ४७ नॅनोमीटरपर्यंत, पोचल्याचं सांगितलं. २०१२ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने दाखवलं की अशा रचनेतून येतो तो मुख्यतः अणूंचाच प्रकाश. कारण साधं आहे. हार्मोनिक अणूंच्या संख्येच्या वर्गाने वाढतो, कारण सगळे अणू एका तालात बोलतात. चमक नुसत्या संख्येने वाढते. टोकाजवळची जागा काही दशक नॅनोमीटरची, तिथे मावणारे अणू मोजकेच. मग वर्गाचा फायदा मिळणार कुठून? क्षेत्र कितीही वाढवलं तरी ही उणीव भरून निघत नाही.

एक जण हमखास म्हणतो, ‘सर, प्रकाश सगळीकडे पसरला, म्हणजे चमकच.’ नाही! खडबडीत पृष्ठभागावर हार्मोनिकही विखुरतो. दिशेवरून निकाल देऊ नका. दोन तरंगलांब्यांचे दोन वर्णपट एकाखाली एक काढून आणा, मग बोलू.